सेहेचाळीस चिठ्ठ्या आणि एक हंस

सातवीपर्यंत तिच्या तोंडून वर्गात "हजर" याशिवाय दुसरा शब्द कुणी ऐकला नव्हता. मग काय झालं कुणास ठाऊक, बहुतेक आवाज आतल्या आत साठत गेला आणि एक दिवस झाकणच उडालं. नववीत येईपर्यंत घरात तिचं नाव भोंगा पडलं होतं. तिला या नावाचा राग यायचा नाही. उलट, भोंगा वाजला की माणसं वळून बघतात, आणि नेमकं तेच तिला हवं होतं.

तर त्या शुक्रवारी भाषेच्या बाईंनी वर्गात विचारलं, "पुढच्या शनिवारी शाळेचा वसंत-मेळावा. पालक येणार, शेजारपाजारचे येणार. कविता कोण म्हणणार? पहिल्या नंबराला बक्षीस आहे."

कविता म्हणजे पाठ केलेली, पुस्तकातली, दोन्ही हात मागे बांधून म्हणायची. पण भोंग्याचा हात डोक्याच्या आधी वर गेला. "बाई, मी म्हणणार नाही. मी वाचणार. माझी स्वतःची. नवीकोरी. वसंतावर!"

वर्ग वळला. बाई गहिवरल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, पण टाळा इतका छान वाजला की भोंगा स्वतःवरच खूश झाली.

शेजारी तिची मैत्रीण बसली होती. ती आडवी वळली तर दिसेनाशी व्हायची, म्हणून सगळे तिला पेन्सिल म्हणायचे. पेन्सिलने खालच्या आवाजात विचारलं, "तू कविता लिहितेस? कधीपासून?"

"शनिवारपासून."

"कुठल्या शनिवारपासून?"

"उद्याच्या."

बाईंनी जाता जाता एक गुरुमंत्रही दिला. "मन रिकामं कर हो. झाड काय करतं? आधी जुनं पान टाकतं, मग नवं फुटतं. पसारा आवरलास ना, की कविता आपोआप येते."

"आपोआप" हा शब्द भोंग्याला फारच आवडला.

आता पसारा म्हणाल, तर त्याबाबतीत तिचं घर म्हणजे अगदी सुपीक जमीन. अडीच खोल्यांचं घर. त्यातली अर्धी खोली आईची. खिडकीपाशी आईचं शिलाई मशीन, कापायचं टेबल, आणि भिंतीला टेकलेले कापडाचे तागे. आई सगळ्या गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आणि या दोघांचं लग्न कोणत्या एका गोष्टीवर टिकलं असेल, तर ते एका शब्दावर : लागेल.

बिघडलेला पंखा? लागेल. एका पायाचा मोजा? लागेल, दुसरा सापडला की. या सगळ्या लागेलांसाठी एक अख्खं कपाट होतं आणि त्याला लागेल-कपाटच म्हणायचे. त्यात झाकणं नसलेल्या बरण्या होत्या आणि बरण्या नसलेली झाकणं होती, आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायचा प्रयत्न आजवर कुणी केला नव्हता. जुन्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता; ते घर पाडून त्यावर दुकान झालं होतं. बाबांनी आणलेली लिफ्टची बटणं होती, त्यातली चार नंबरची सात. जणू कधीतरी त्यांना फक्त चौथ्या मजल्यांचीच इमारत दुरुस्त करायची होती.

रविवारी सकाळी भोंगा कमरेला फडकं बांधून कपाटासमोर उभी राहिली. "आजपासून या घरात वसंत येणार!"

"येऊ दे," बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले. "पण त्याला म्हणावं, माझ्या बटणांना हात लावू नकोस."

"बाबा, सात-सात चार नंबर कशाला?"

"लागतील."

"चौथ्या मजल्यावर गर्दी होणार आहे का?"

"ए आई, हिला सांग गं," बाबांनी आतल्या खोलीकडे बघून तक्रार केली. कोण कुणाची आई, हे त्या घरात प्रसंगावर ठरायचं.

दुपारपर्यंत भोंग्याने अडीच फळ्या रिकाम्या केल्या. मग हात धुऊन, रिकाम्या फळीसमोर मांडी घालून, वही उघडून ती कविता आपोआप यायची वाट बघत बसली. अकरा मिनिटांत कविता आली. ती अशी :

वसंता रे वसंता, तू आलास हसता हसता,
फुलांच्या गालांवरती मोती दवाचे सांडता.
मनाच्या खोलीतला मी सारा कचरा काढला,
आशेचा कोवळा कोंब हृदयामध्ये वाढला.

पहिल्यांदा वाचली तेव्हा तिला ती चांगली वाटली. दुसऱ्यांदा वाचताना नाक मुरडलं. तिसऱ्यांदा वाचायची तिची हिंमत झाली नाही. फुलाला गाल कधी असतात? आणि कोंब हृदयात वाढला तर दवाखान्यात न्यायला नको? तिने पान टरकन फाडलं, बोळा केला आणि कचऱ्यात टाकला. चूक कवितेची नव्हतीच मुळी. चूक पसाऱ्याची होती. अजून आवरायचं शिल्लक असणार!

सोमवारी शाळेतून आली तेव्हा आई अस्तर आणायला बाहेर गेली होती. भोंग्याची नजर आईच्या अर्ध्या खोलीत फिरली आणि टेबलाखालच्या लाकडी पेटीवर थांबली.

पेटीत मापांच्या चिठ्ठ्या होत्या. छाती, कंबर, उंची, बाही, नुसते आकडे. आणि प्रत्येक चिठ्ठीला टाचणीने कापडाचा एकेक तुकडा टोचलेला. कुठे निळा ठिपक्यांचा, कुठे राखाडी लोकरीचा, कुठे विटका पिवळा. सगळं चुरगळलेलं, एकमेकांत अडकलेलं. "अरे देवा," भोंगा म्हणाली, "ही बाई एवढं सुंदर शिवते आणि ठेवते असं?" तिचं मन मायेने भरून आलं. आणि मायेने भरलेलं मन फार वाईट. काम करण्याआधी ते कुणाला विचारत नाही.

तिने सेहेचाळीस टाचण्या काढल्या. चिठ्ठ्या इस्त्रीच्या बुडाने सरळ केल्या आणि उंचीच्या क्रमाने नव्या फायलीत लावल्या, सगळ्यात बुटकी पुढे, शाळेच्या रांगेसारख्या. चिंध्या एका पिशवीत भरल्या आणि संध्याकाळी बाबांना दिल्या. "तुमच्या लोकांना ग्रीस पुसायला."

बाबांना एखादं काम सांगितलं की ते साधारण पुढच्या ऋतूत व्हायचं. पण मंगळवारी सकाळी त्यांनी ती पिशवी आठवणीने नेली. आयुष्यात पहिल्यांदा माणसाने वेळेवर काम केलं, आणि तेही हे!

मंगळवारी संध्याकाळी टपालवाली आली. रोज पत्रं वाटून दमलेली, तरी दारातून हसतच आत यायची. "ताई, शनिवारी मेळाव्याला यायचंय. तुमची लेक कविता वाचणार म्हणे! मला नवा कोट हवा. मापं आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत की," म्हणत आई पेटीपाशी वाकली. तिथे फाइल होती. आईने ती उघडली. पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. भोंगा दारात उभी राहून शाबासकीची वाट बघत होती.

"थांबा हं," आई टपालवालीला म्हणाली. आवाज नेहमीचाच. "थंडीत माणूस जरा बदलतं. परत एकदा घेऊ या माप." तिने माप घेतलं, चहा दिला, दारापर्यंत पोचवलं. दार लावलं आणि मग भोंग्याकडे वळली.

"तुकडे कुठे आहेत?"

"कुठले? त्या चिंध्या? आई, मी तुला सगळं उंचीप्रमाणे..."

"तुकडे कुठे आहेत?"

आई चिडली की बोलायची नाही, मशीन चालवायची. त्या संध्याकाळी मशीनही चाललं नाही. बाबा घरी आले तेव्हा त्यांनी कामावरून वाचवून आणलेला एकच तुकडा खिशातून काढून दिला. त्यावर ग्रीस इतकं होतं की तो मुळात ठिपक्यांचा होता की नव्हता, यावर तिघांची तीन मतं पडली.

मग आईने सांगितलं. फार पूर्वी ती मापं वहीत लिहायची, नावासकट. एकदा एका गिऱ्हाइकाने बसल्या बसल्या वही चाळली, शेजारणीची कंबर वाचली आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर केली. ती शेजारीण परत आली नाही. आईकडे तर नाहीच, पण पाण्याच्या नळावरही पुढे कितीतरी दिवस आली नाही. "तेव्हापासून मी नाव लिहीत नाही. ज्या कापडाचं पहिलं काही शिवलं, त्याचा तुकडा टोचते. मला बघितलं की कळतं, दुसऱ्याला कळत नाही. माझं दुकान शिलाईवर चालत नाही गं, तोंड बंद ठेवण्यावर चालतं."

भोंगा करायला गेली वसंत आणि झाला शिशिर!

"सगळ्यांना परत बोलावू या?" शेवटी तिने विचारलं.

"आणि सांगू काय? माझ्या पोरीने तुमचा कचरा केला?"

शेवटी आईनेच वाट काढली. तिने गळ्यातला टेप काढला, फाइल भोंग्याच्या हातात दिली आणि डोळे मिटले. "वाच."

"छाती चाळीस, कंबर छत्तीस, उजवा दंड सव्वातेरा, डावा साडेबारा."

आईने टेप हवेत धरला, तेवढ्या आकड्यांचं वेटोळं केलं, जणू त्यात कुणी उभंच आहे. बोटं जरा हलली. "बेकरीवाली. पीठ मळून उजवा दंड जाड झालाय." डोळे मिटलेलेच. "पुढची."

"लिहू का वर बेकरीवाली?"

"नाव नाही, धंदा नाही. काही नाही."

"मग तुला नंतर कळणार कसं? दर वेळी डोळे मिटून बसणार?"

मग भोंग्याने चिठ्ठी उलटी केली आणि मागे एक ओळ लिहिली, आईला वाचून दाखवली : सगळे झोपलेले असतात तेव्हा या हाताने पीठ जागं होतं.

आईने एक डोळा उघडला. "हे चालेल."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोज संध्याकाळी आई टेपमध्ये हवेची माणसं उभी करायची आणि भोंगा चिठ्ठीमागे ओळ लिहायची. टपालवालीच्या चिठ्ठीवर, जिथे डावा खांदा अर्धा इंच खाली होता, तिथे लिहिलं : वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या इथे बसून गेल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंवर : इतरांच्या तोंडात वाकून पाठीला कमान आली, स्वतः हसते ती तोंड मिटून. एका चिठ्ठीवर आईने नवी मापं जुन्याखाली लिहिली होती, सगळी दोन-दोन इंच कमी. आई म्हणाली, "हिचं काही लिहू नकोस." मग जरा थांबून, "लिही, पण थोडं." भोंग्याने लिहिलं : मागच्या वसंतापेक्षा सगळं कमी. विचारू नये. शिलाई सैल ठेवावी.

आणि मुख्याध्यापिका! त्या कंबर तीस सांगायच्या, टेप बत्तीस म्हणायचा. भोंगा हसून हसून आडवी झाली आणि मग उठून बसून लिहिलं : सांगितलेली कंबर आणि मोजलेली कंबर यांच्यात दोन इंच अब्रू असते. ती आतल्या बाजूला दुमडून शिवावी.

शेवटची चिठ्ठी सगळ्यात मळकी होती. आकडे पाच वेळा खोडून पाच वेळा लिहिलेले. "ही कोण बाई? हिचं काही ठरतच नाही वाटतं," भोंगा म्हणाली.

आईने टेप उचललाच नाही. "ही तू. आण इकडे, हिची ओळ मी सांगते. लिही : दर सहा महिन्यांनी बाही आखूड होते. बाहीचा दोष नाही."

भोंग्याने लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

शुक्रवारी दुपारी तिने सगळ्या ओळी एका कागदावर उतरवल्या. सेहेचाळीस ओळी, एकाखाली एक. वाचल्या आणि तिच्या अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा वाचल्या, नाक मुरडलं नाही. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचल्या. कविता! आपोआप नव्हे, तीन दिवस मान मोडून, पण आलीच की! ती पळत आईच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळी वाचून दाखवली.

आईने मशीन थांबवलं होतं.

"चांगली आहे," आई म्हणाली. "खूप चांगली आहे." मग दोरा दाताने तोडला. "पण वाचायची नाही."

"का? त्यात एकाही बाईचं नाव नाही!"

"डावा खांदा पडलेली, बातम्या वाहणारी, आपल्या भागात कितीजणी आहेत?"

"एक."

"मग?"

"मग मी काय वाचू? उद्या आहे मेळावा! सगळ्यांना सांगितलंय मी! एवढी एकच चांगली कविता आली मला आयुष्यात!"

"चौदा वर्षांचं आयुष्य," आई म्हणाली. पण हसली नाही. उठली, लागेल-कपाट उघडलं, त्यातून एक सरळ केलेला कागद काढला. मागे अस्तराचा हिशेब होता आणि पुढे फुलांचे गाल. "कचऱ्यात होता. मागची बाजू कोरी होती, म्हटलं लागेल. दोन्ही घेऊन जा. कविता तुझी आहे, मी हात धरायला येणार नाही. तिथे ठरव."

भोंग्याला रागच आला. नाही म्हणून बसली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

शनिवारी शाळेचं सभागृह भरलं होतं. भोंगा मंचावर गेली. उजव्या खिशात चिठ्ठ्यांची कविता, डाव्या खिशात गालांची. पेन्सिल बाजूच्या पडद्याआडून दोन्ही अंगठे दाखवत होती. भोंग्याने उजव्या खिशात हात घातला, कागद अर्धा बाहेर काढला आणि समोर बघितलं.

पहिल्या रांगेत टपालवाली बसली होती, नव्या कोटात. आईने डाव्या खांद्यात आतून जाड पॅड घातलं होतं. खांदा असा सरळ, की पट्टी ठेवावी. टपालवाली नेहमी जराशी एका बाजूला कलून बसायची. आज ताठ बसली होती, आणि दोन्ही बाजूंच्या बायकांकडे आळीपाळीने बघत होती, कोट दिसतोय ना म्हणून. शेजारी मुख्याध्यापिका, तीस इंची.

सभागृहात कुणीतरी खोकलं. भाषेच्या बाई ओठांनी "सुरू कर" म्हणाल्या. भोंग्याने कागद परत आत ढकलला. हात डाव्या खिशात गेला.

"वसंता रे वसंता!" भोंगा ओरडली, "तू आलास हसता हसता!"

आवाज असा लागला की मागच्या रांगेतलं झोपलेलं बाळ उठलं. फुलांचे गाल आले, दवाचे मोती सांडले. "मनाच्या खोलीतला मी सारा कचरा काढला" या ओळीला दारापाशी उभे असलेले बाबा एकटेच मोठ्याने हसले आणि आईने त्यांना कोपर मारलं. आणि कोंब हृदयात वाढला तेव्हा, काय सांगावं, टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापिकांनी डोळे टिपले. भाषेच्या बाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? आपोआप येते!"

आणि पहिलं बक्षीस भोंग्याला. पांढरा, प्लास्टरचा, हातभर उंचीचा हंस. चोच सोनेरी, आणि पाठीवर फुलं ठेवायला एक भोक.

घरी आल्यावर तो हंस कुठे ठेवायचा यावर सभा भरली. टेबलावर आई ठेवू देईना, खिडकीत तो मावेना. शेवटी बाबांनी लागेल-कपाटातल्या अडीच रिकाम्या फळ्यांपैकी मधली निवडली. "बघ," ते म्हणाले, "जागा केलीस म्हणून बरं." हंसाच्या पाठीवरच्या भोकात त्यांनी चार नंबरची सात बटणं ठेवली. ती बरोबर मावली.

चिठ्ठ्यांच्या कवितेचा कागद भोंग्याने चार घड्या करून फाडला. मूळ चिठ्ठ्या पेटीत होत्याच. रात्रभर तिला वाटत राहिलं की जगातली सगळ्यात मोठी कवयित्री आज जगाने गमावली. सकाळी उठली तेव्हा भूक लागली होती.

आठवड्याने टपालवाली पुन्हा आली, या वेळी उन्हाळी झग्याचं कापड घेऊन. "अगं पोरी," ती भोंग्याला म्हणाली, "काय ती कविता! मी रडले बघ. ते फुलांच्या गालांचं... असं सुचतं कसं गं तुला?"

"आपोआप," भोंगा म्हणाली.

"मापं आहेत ना, ताई?"

"आहेत की. काढ गं," आई मशीनवरून म्हणाली.

भोंग्याने पेटीतून चिठ्ठी काढून दिली. आईने ती उलटी धरली, मागची ओळ मनातल्या मनात वाचली. पहिल्यांदा वाचत असल्यासारखी, सावकाश. मग कापडातून डाव्या खांद्याला अर्धा इंच जास्त धरून खडूची रेघ मारली.

"काय लिहिलंय एवढं?" टपालवालीने मान उंच करून विचारलं. "बघू?"

"काही नाही," आईने चिठ्ठी छातीशी धरली. "माप आहे तुमचं."